उताऱ्यात कुठं आहे?

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, शिक्षकी जीवनातल्या काही गोड आठवणी लिहून द्या. दिवाळीचा अंक आहे." मी हो म्हटलं. कागद पुढ्यात घेतला आणि गोड काही आठवेना. आठवला तो राग. तेव्हा रागाबद्दलच लिहिते. संपादकांना नको असेल तर त्यांनी त्या जागी अनारशांची कृती छापावी.

मी मराठी शिकवत होते. आधी नांदेड जिल्ह्यात, किनवटकडच्या एका निवासी शाळेत, आणि नंतर निवृत्त होईपर्यंत लातुरात. मराठीच्या बाई म्हटलं की लोकांना कविता चालीवर म्हणणारी, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवणारी कुणीतरी मायाळू बाई दिसते. मी तशी नव्हते, हे माझे विद्यार्थी आनंदानं सांगतील. खरं म्हणजे मी आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली. जे म्हणतोस ते उताऱ्यात कुठं आहे, दाखव.

बाहेरच्या माणसाला हे काम काय असतं ते सांगायला हवं. प्रश्नपत्रिकेत एक उतारा छापलेला असतो. खाली प्रश्न असतात आणि प्रश्नाच्या शेपटीला लिहिलेलं असतं, 'उताऱ्यातील आधार देऊन लिहा.' एवढ्या अपमानाचं धनी झालेलं दुसरं वाक्य मी पाहिलेलं नाही. मूल लिहितं, रामूला राग आला होता. मी विचारते, कशावरून? मूल म्हणतं, मला वाटलं. वाटलं हे चालत नाही. ओळीवर बोट ठेव. मग मूल शोधतं आणि बोट ठेवतं: रामूने ताट बाजूला सारले. बरं, पण ताट सारलं म्हणजे राग कसा? पोट भरलं असेल. मूल पुन्हा वाकतं. ताटात भाकरी तशीच होती. आता झालं. एक म्हणणं, त्याची ओळ, आणि त्या ओळीवरून ते म्हणणं कसं निघतं याचा खुलासा. एवढंच आहे. यात हुशारी लागत नाही, वाकून बघण्याची तयारी लागते, आणि तीच कुणाकडे नसते.

या गोष्टीची ताकद मला किनवटकडच्या त्या शाळेत कळली. तिथं लक्ष्मी नावाची सातवीतली मुलगी होती. आसपासच्या जंगलातल्या गावची, बोलायला कमी, खायला चांगली. वसतिगृहात रात्रीच्या जेवणाला दोन भाकरी मिळत, तिसरी मागितली की तिथले अधीक्षक 'नियमात बसत नाही' म्हणून हात झटकत. नियम कुठं आहे हे कुणी विचारलं नव्हतं. जेवणघराच्या भिंतीवर तो रंगवलेलाच होता आणि रोज सगळे त्याच्याकडे पाठ करून जेवत होते. लक्ष्मी एका रात्री जेवता जेवता माझ्या तासाला शिकलेलं बोट घेऊन उठली आणि तिनं ते भिंतीवर ठेवलं.

"सर, इथं पोटभर जेवण लिवलंय. दोन भाकरी न्हाई लिवलं."

अधीक्षक म्हणाले, "एवढ्याशा पोरीचं पोट दोन भाकरीत भरतंच."

"पोट माझं हाय," लक्ष्मी म्हणाली. "ते भरलं का न्हाई, हे तुमाला कोण सांगितलं?"

त्या दिवशी तिसरी भाकरी मिळाली, सगळ्यांना मिळाली. आठवडा गेला नाही तोच त्या भिंतीला चुना लागला. मी जाऊन विचारलं तर अधीक्षक म्हणाले, भिंत कळकट झाली होती. अख्खं जेवणघर चुलीच्या धुरानं काळंकुट्ट, आणि कळकट झाली होती ती तेवढीच भिंत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं कोळशानं मोठ्या, वाकड्या अक्षरात 'पोटभर' लिहिलेलं होतं. पुन्हा चुना, पुन्हा कोळसा. माझी बदली लातूरला झाली तेव्हा कोळसाच पुढं होता. ज्यांना लिहिलेल्याला उत्तर देता येत नाही ते लिहिलेलंच पुसायला निघतात, हे मी तिथं शिकले आणि पुढं लातुरात ते मला वारंवार उपयोगी पडलं.

लातुरात आल्यावर काही वर्षांत भूकंप झाला. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ झाले, मी त्यात भर घालत नाही. माझ्या शाळेत मदतीचं सामान भरलं होतं, मी चादरी आणि भांडी वेगळी करत होते, आणि मला एवढंच ठाऊक आहे की त्या दिवसांत येणारी माणसं फार बोलत नव्हती. बोलणारे बाहेरून येत. ते येऊन आम्हालाच सांगत, बघा, मातीची ओढ कशी असते. कुणाची ओढ, कुणी सांगितली, कुणाला विचारलं, हे काही नाही. भाषण संपलं की गाडी धूळ उडवून जाई.

पुढच्या वर्षांत भूकंप प्रश्नपत्रिकेत शिरला. आमच्या भागात कुठलीही परीक्षा असो, एक उतारा भूकंपाचा, एक निबंध भूकंपाचा. ज्यांची माणसं दगडमातीखाली गेली त्यांच्या लेकरांनी 'भूकंपग्रस्ताचे मनोगत' शंभर शब्दांत लिहायचं आणि शेवटी जिद्दीनं उभं राहायचं. उभा न राहिलेल्याला गुण कमी. मला याची चीड येत असे आणि अजून येते.

त्याच सुमारास लातुरात क्लासचं पीक आलं. ट्यूशन एरिया नावाची वस्तीच उभी राहिली. जिकडं बघावं तिकडं पोरांचे चेहरे असलेले फलक, खोल्या, मेसचे डबे, सायकली. गणित-विज्ञानाचे क्लास मला समजू शकतात. पण मराठीचेही निघाले. त्यातल्या एका क्लासच्या सरांचं मोठं नाव होतं. खणखणीत आवाज, पांढरा शुभ्र शर्ट आणि कुठल्याही प्रश्नाला तयार उत्तर. त्यांच्याकडे जाणाऱ्या माझ्याच एका विद्यार्थ्यानं मला त्यांची हिकमत सांगितली.

"मॅडम, सर म्हणतेत तपासणाऱ्याला वेळ नसतोय. अवतरणचिन्ह दिसलं की त्यो आधार समजतोय."

"आणि अवतरणात काय लिहायचं?"

"सरांनी वाक्यं दिल्यात. पावसाचा उतारा आला की एक, आईचा आला की एक, भूकंपाचा आला की एक."

"आणि ते वाक्य उताऱ्यात नसलं तर?"

तो माझ्याकडे दयेनं बघत होता. म्हणाला, "उतारा कोण बघतंय, मॅडम?"

आता मुख्य हकिगतीकडे येते. लातूरमधली एक शिक्षणसंस्था दहावी झालेल्या मुलांची एक निवड परीक्षा घेत असे. संस्थेचं नाव लिहीत नाही, माझा पुतण्या तिथं नोकरीला आहे. लातूर-नांदेड दोन्ही जिल्ह्यांतून पोरं बसत. जी निवडली जात त्यांची अकरावी-बारावी, क्लास, राहणं, जेवण सगळं फुकट. जी निवडली जात नसत ती गावी परत. मुलींच्या बाबतीत गावी परत म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मराठीचे पेपर तपासायला मला बोलावलं होतं आणि परीक्षेचे सल्लागार होते तेच क्लासचे सर.

आम्हा शिक्षकांना एका हॉलमध्ये बसवलं. प्रत्येकापुढे पेपरचा गठ्ठा, लाल पेन आणि आदर्श उत्तरपत्रिका, म्हणजे काय लिहिलं असता गुण द्यायचे त्याचा छापील नमुना. उतारा अर्थातच भूकंपाचा होता. मात्र ज्यानं कुणी लिहिला होता त्यानं डोळे उघडे ठेवून लिहिला होता. एका म्हातारीला पुनर्वसनात नवं घर मिळतं. दिवसभर ती घरात वावरते, रांधते, भिंती पुसते. दिवस मावळला की खाट अंगणात ओढते आणि फाटकाकडे पाय करून झोपते. घरात शिरताना ती आधी वर बघते, मग पाऊल टाकते. जुन्या गावाकडे ती एकदाही फिरकलेली नाही. प्रश्न होता: म्हातारी नव्या घरात का झोपत नाही? उताऱ्यातील आधार देऊन लिहा.

पहिला पेपर उघडला. उत्तर होतं, म्हातारीला जुन्या गावाची ओढ आहे. लेखक म्हणतात, 'मायभूमीची ओढ माणसाला स्वस्थ झोपू देत नाही.' व्यवस्थित अवतरणचिन्हात. मी उतारा वाचला. वाक्य सापडलं नाही. चष्मा पुसून पुन्हा वाचला. नाही. दुसरा पेपर उघडला, तेच वाक्य. तिसऱ्यात तेच. पुढं तर मी पान उलटायच्या आधीच ते वाक्य म्हणू लागले. शेवटी आदर्श उत्तरपत्रिका उचलली तर तिच्यात तेच वाक्य, तेच अवतरणचिन्ह, 'लेखक म्हणतात' सकट.

माझ्या शेजारी देगलूरकडचे एक गुरुजी तपासत होते. त्यांना म्हटलं, हे वाक्य उताऱ्यात शोधा बरं.

"आदर्श उत्तरात हाय की ओ, मॅडम," ते म्हणाले. "मंजे उताऱ्यात असणारच."

"शोधा तर."

त्यांनी पेनाचं टोक ओळीओळीवरून फिरवलं. शेवटच्या ओळीला पोचल्यावर "न्हाई की ओ," म्हणाले. मग माझ्याकडे कप सरकवला. "जाऊ द्या. चहा गार होऊन राहिलाय."

जाऊ द्या हे दोन शब्द मराठवाड्याच्या पाण्यातच आहेत की काय कोण जाणे. आदर्श उत्तरपत्रिका सरांनीच तयार केली होती. मी उठले आणि त्यांच्या टेबलापाशी गेले. विचारलं, हे वाक्य उताऱ्यात कुठं आहे?

सर हसले. "मॅडम, शब्द नसतील. भाव आहे."

"भाव कुठं आहे?"

"सबंध उताऱ्यात आहे."

"मग बोट कुठं ठेवू?"

त्यांना हे बालिश वाटलं असावं. मी त्यांना ओळ दाखवली, की म्हातारी जुन्या गावाकडे एकदाही फिरकलेली नाही. ओढ असलेला माणूस एकदा तरी जाऊन बघेल ना?

"ती जात नाही कारण तिला सहन होत नाही. म्हणजेच ओढ."

"आणि रोज जात असती तर?"

"तर ओढच की, मॅडम."

मी म्हटलं, "गेली तरी ओढ आणि नाही गेली तरी ओढ. मग उतारा छापलात कशाला? पोरांना कोरा कागद द्यायचा होता, त्यातूनही हेच निघालं असतं."

हॉलमधली पेनं थांबली होती. सरांनी आवाज न चढवता सांगितलं की आदर्श उत्तराप्रमाणे तपासावं. मी जागेवर आले आणि उताऱ्याप्रमाणे तपासलं. ते वाक्य लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्या प्रश्नाला शून्य दिलं. पोरांची दया आली, हे खरं आहे, कारण त्यांना कुणीतरी शिकवलं होतं की समोरचं वाचायचं नसतं.

गठ्ठ्याच्या तळाशी एक पेपर निघाला. अक्षर बेताचं, ओळी वर चढत गेलेल्या. उत्तराची सुरुवात होती, म्हातारीला छताची भीती वाटते. पुढं लिहिलं होतं की ती शिरताना आधी वर बघते, हा पहिला आधार. दिवसभर ती घरातच असते, भिंती पुसते, म्हणजे घर तिला नकोसं झालेलं नाही, फक्त झोपायला ती बाहेर येते. ती पळायच्या तयारीत झोपते असं उताऱ्यात लिहिलेलं नाही, पण फाटकाकडे पाय करते यावरून मला तसं वाटतं. आणि शेवटी: तिला जुन्या गावाची आठवण येते असं उताऱ्यात कुठंही नाही.

मी तो पेपर पुन्हा वाचला. उताऱ्यात काय आहे, त्यावरून आपण काय काढलं आणि काय तिथं मुळीच नाही, हे तिन्ही वेगळं ठेवणं मोठमोठ्या लेखांत सापडत नाही हो. मला उठून कुणाला तरी दाखवावंसं वाटलं, पण दाखवायचं कुणाला? मी पूर्ण गुण दिले.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या संचालकांनी बोलावलं. सभ्य गृहस्थ, भांडण नको असणारे. माझा गठ्ठा त्यांच्यापुढे होता आणि बाजूला सर बसले होते.

"मॅडम, तुमच्या गठ्ठ्यात या प्रश्नाला सगळे शून्य आणि एकाच पेपरला पूर्ण. असं कुठं असतं का?"

"मीही तेच विचारतेय. असं कुठं असतं का?"

"एवढी पोरं एकच वाक्य लिहितात, त्याअर्थी काहीतरी असेल ना?"

"सगळ्यांचा क्लास एक आहे, एवढंच त्यावरून सिद्ध होतं," मी म्हटलं. सरांनी पंख्याकडे बघितलं.

संचालक म्हणाले, गठ्ठा दुसऱ्याकडून तपासून घेऊ. म्हणजे त्या पोरांना पूर्ण गुण आणि या एका पेपरला शून्य. मी सांगितलं की मग माझी सही मिळणार नाही आणि का मिळणार नाही हे मी लिहून देईन, उतारा जोडून. ते बेजार झाले. त्यांनी यादी मागवली. तो पेपर लिहिणारी मुलगी बाकीच्या विषयांवर काठावर होती. या प्रश्नाचे गुण धरले तर निवडली जात होती, नाहीतर नाही. मग त्यांनी क्रमांक उघडून नाव आणि गाव बघितलं. नाव सारिका. गाव औशाकडचं, भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं.

"हात्तिच्या," सर म्हणाले. "बघा साहेब, पोरगी भूकंपातल्या गावची. घरचं बघितलेलं लिहिलंय तिनं. हा अनुभव झाला, मॅडम. आधार नव्हे. तुम्हीच म्हणता ना, उताऱ्यातलं पाहिजे?"

त्यांनी माझंच हत्यार माझ्यावर धरलं आणि संचालकांना ते पटलं. मी कळवळून म्हटलं की प्रत्येक वाक्याला तिनं ओळ दिली आहे, वाचा तरी. वाचायला कुणी तयार नव्हतं. काठावरच्या मुलांची मुलाखत होत असे; शेवटी ठरलं की तिला ती येईल तेव्हा तिलाच विचारायचं. मी म्हटलं, मी तिथं बसणार.

मुलाखतीच्या दिवशी सारिका आली ती आईला घेऊन. दोन वेण्या, धुऊन पिवळट झालेला शाळेचाच पोशाख. आई दाराशी उभी राहिली, संचालकांनी तिला खुर्ची दिली तर ती काठावर टेकली. बसता बसता म्हणाली, "साहेब, इथं नंबर लागला तर शिकंल. न्हाई तर हिचे काका पाव्हणे बघून राहिलेत." सारिकानं आईकडे बघितलं नाही.

सरांनी गोड आवाजात सुरुवात केली. "बाळ, तुझं गाव भूकंपातलं ना?"

"हाव, सर. मी पाळण्यात व्हते."

"मग ही उताऱ्यातली म्हातारी, छताला भिणारी, अशी तुझ्या घरी कुणी असेल. आजी, आई. बाहेर झोपणारी."

"न्हाई, सर."

"न्हाई?"

"आमची आई तर पहिल्याच दिवशी नव्या घरात झोपली."

संचालकांनी आईकडे बघितलं तशी ती म्हणाली, "झोपले की. टीनाच्या शेडात लई दिवस काढले व्हते, पावसात ह्यो आवाज. जुन्या घराच्या मातीच्या माळवदानं माझं थोरलं पोरगं नेलं, साहेब. पण ह्यो स्लॅब मी बांधताना बघितला, रोज जाऊन उभी ऱ्हायची. त्याला कशाला भ्यावं? जुन्या गावाला मातर जाते मी. दर अमुशाला जाते, पोराच्या जाग्यावर दिवा लावाया."

मी तोंड उघडायच्या बेतात होते, की अनुभव असला म्हणून काय बिघडलं. बरं झालं उघडलं नाही.

संचालक सारिकाला म्हणाले, "म्हणजे तुझ्या घरी उलटंच आहे. आई आत झोपते आणि जुन्या गावाला जाते. मग तू ओढ का नाही लिहिलीस? तुला तर ते माहीत होतं."

सारिकाला प्रश्नच कळेना. तिनं टेबलावरची प्रश्नपत्रिका आपल्याकडे ओढली, उतारा काढला आणि बोट ठेवलं.

"सर, ही आमची आई न्हाई. ही दुसरी हाय. ही वर बघती, ही खाट बाहेर ओढती, आणि ही गावाकडं एकदा पण गेली न्हाई. आमच्या आईचं मी हिच्यावर कसं घालू?"

एवढं साधं बोलणं ऐकून मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. पोटचा पोर गमावलेल्या बाईची मुलगी, तिच्याकडे सांगण्यासारखं स्वतःचं खरं होतं. ते वापरलं असतं तर अख्ख्या खोलीनं डोळे पुसून गुण दिले असते. तिनं ते खिशात ठेवलं आणि कागदावरच्या एका परक्या म्हातारीशी इमानानं वागली. आणि आम्ही तिच्यावर आरोप करत होतो की घरचं लिहिलं. ज्यांनी म्हातारीकडे ढुंकून बघितलं नव्हतं, ज्यांनी तिच्या तोंडी दुकानातून आणलेलं वाक्य घातलं होतं, त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

निर्णय संध्याकाळी कळला. 'दोन्ही उत्तरे ग्राह्य.' सारिकाला पूर्ण गुण, त्या वाक्याला पूर्ण गुण. मी संचालकांना म्हटलं, म्हातारी एकच आहे आणि गावाकडे ती फिरकलेलीही नाही, मग दोन्ही उत्तरं खरी कशी? ते म्हणाले, "मॅडम, मुलगी निवडली गेली ना? आता ताणू नका. एवढ्या पोरांचे गुण कापले तर पालक उद्या गेटवर येतील." मुलगी निवडली गेली होती, म्हणून मी गप्प बसावं अशी अपेक्षा होती. मी गप्प बसले नाही, पण माझं ऐकायला खोलीत कुणी उरलंही नव्हतं. त्यानंतर त्या संस्थेनं मला तपासणीला कधी बोलावलं नाही.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती गोड आठवणींत घातली असती. सारिका वसतिगृहात राहू लागली, सुट्टीच्या दिवशी कधी माझ्याकडे येई, पोहे खाई, पुस्तकं नेई. एके दिवशी ती आली ती धुमसत. संस्थेनं मराठीच्या तासांसाठी त्याच सरांना नेमलं होतं, आणि ट्यूशन एरियात सरांच्या फलकावर आता सारिकाचाही फोटो होता, जणू तिला त्यांनीच घडवलं. ते मी पाहिलं होतं. ती त्याबद्दल चिडली नव्हती. तिनं पिशवीतून क्लासचं नवं गाइड काढून माझ्यापुढे टाकलं.

भूकंपाच्या उताऱ्याखाली तिचंच उत्तर छापलं होतं. आधी वर बघते, खाट अंगणात ओढते, फाटकाकडे पाय करते, सगळं शब्दशः. वर ठळक सूचना होती, की भूकंपाचा उतारा आल्यास पुढील आधार द्यावेत. जुनं वाक्य काढून टाकलं होतं. जेवणघराच्या त्या भिंतीसारखा इथंही चुना लागला होता, फक्त या वेळी पुसायला त्यांनी पोरीचं लिहिलेलंच वापरलं होतं.

"मॅडम, लोकं माझं उत्तर पाठ करून राहिले," सारिका म्हणाली. "आज सरांनी वर्गात सराव परीक्षेचा उतारा दिला. भूकंपाचाच, पर दुसरा. त्यात एक मास्तर हाय, शाळा पडल्यावर लिंबाखाली वर्ग भरवतोय. त्यानं तसं का केलं, आधार द्या, असा प्रश्न. सगळ्यांनी लिहिलं, मास्तरला छताची भीती, कारण त्यो खाट अंगणात ओढतो."

"आणि खाट?"

"खाटच न्हाई, मॅडम, त्या उताऱ्यात. छत पण न्हाई. मी उभी राहिले आणि म्हटलं, हे उत्तर चुकीचं हाय. सर हसायले. म्हणाले, अगं तुझंच उत्तर हाय, तुझंच तू चूक म्हणतीस? म्हटलं, हाव सर. माझंच हाय, पर त्या म्हातारीचं हाय. ह्या मास्तरचं न्हाई."

"मग?"

"बस खाली म्हणाले."

"बसलीस?"

"न्हाई," सारिका म्हणाली. "म्हटलं, आधी दाखवा, उताऱ्यात कुठं हाय."